लिनक्स डेस्कटॉपसाठी ॲप: रिकाम्या विंडोपासून फ्लॅटहबपर्यंत

लिनक्ससाठी डेस्कटॉप ॲप करायला बसलेले बरेच जण आधी सगळा कोड लिहितात, टर्मिनलमधून चालवून बघतात आणि अगदी शेवटी ‘आता पॅकेज करून टाकू’ म्हणतात. घोडं तिथे पेंड खातं. आयकॉन दिसत नाही, सेटिंग्ज सापडत नाहीत, दुसऱ्याच्या मशीनवर लायब्ररी नसते आणि फाइल उघडायला परवानगी मिळत नाही. यातली एकही अडचण ॲपच्या मूळ कामाशी संबंधित नसते, पण तिच्यामुळे ॲप कुणापर्यंत पोहोचतच नाही.

याचं कारण लिनक्स डेस्कटॉपच्या घडणीत आहे. इथे कर्नल एकाचं, डेस्कटॉप दुसऱ्याचा, टूलकिट (खिडक्या, बटणं पुरवणारी लायब्ररी) तिसऱ्याचं आणि हे सगळं एकत्र बांधून देणारी डिस्ट्रो चौथ्याची. केडीई हा डेस्कटॉप १९९६ साली सुरू झाला, ग्नोम हा दुसरा १९९७ साली. दोघांची ॲप्स एकमेकांच्या मेनूत दिसावीत, एकाच क्लिपबोर्डवर चालावीत म्हणून काही संकेत ठरवावे लागले आणि त्यासाठी २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला. तुमचं ॲप डेस्कटॉपवर परकं वाटतं की घरचं, हे या संकेतांवर ठरतं. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी रिकामी विंडो पूर्णपणे पॅकेज करायची, मग तिच्यात काम भरायचं.

उदाहरणाला एक छोटं पण खरं ॲप घेऊ: एखाद्या फोल्डरमधल्या फायलींची नावं एकगठ्ठा बदलून देणारं. त्याला ‘नामबदल’ म्हणू. ऐकायला किरकोळ आहे, पण फाइल सिस्टिम, सँडबॉक्स (ॲपला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणारं कुंपण), थ्रेड, भाषांतर सगळ्यांशी गाठ पडते, म्हणून शिकायला उत्तम.

टूलकिट आणि भाषा

मुख्य पर्याय दोनच: जीटीके आणि क्यूटी. ग्नोमच्या वळणाचं ॲप हवं असेल तर जीटीके ४ आणि त्यावर ग्नोमच्या शैलीचे घटक देणारी लिबअद्वैता. केडीईच्या वळणाचं हवं असेल तर क्यूटी ६ आणि हवं तर केडीईची किरिगामी ही लायब्ररी. जीटीके ४ आणि क्यूटी ६ दोन्ही डिसेंबर २०२० मध्ये आले, त्यामुळे जुन्या लेखांमधली जीटीके ३ किंवा क्यूटी ५ ची उदाहरणं जशीच्या तशी उचलू नका. निवड करताना फार चर्चा करू नये असं माझं मत आहे. रोज जो डेस्कटॉप वापरता त्याचं टूलकिट घ्या. त्याच्या सवयी तुमच्या हाताला आधीच लागलेल्या असतात.

भाषा म्हणून पहिल्या ॲपला पायथॉन पुरतो. जीटीकेसाठी पायजीऑब्जेक्ट, क्यूटीसाठी पायसाइड. वेग लागला तर रस्ट किंवा सी++ आहेच. जीटीकेच्या जगात वाला ही भाषाही चांगली रुळलेली आहे. पायसाइड आणि पायक्यूटी दिसायला जुळी भावंडं असली तरी परवाने वेगळे आहेत: पायसाइड एलजीपीएलखाली मिळतं, पायक्यूटी जीपीएल (जो वापरणाऱ्या ॲपलाही कोड खुला ठेवायला लावतो) किंवा विकतच्या परवान्याखाली. तुमचं ॲप जीपीएल असेल तर फरक पडत नाही, नसेल तर बराच पडतो.

वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप करून देणाऱ्या इलेक्ट्रॉनचं काय? ॲप आधीच वेबवर असेल तर त्याला अर्थ आहे. नावं बदलणाऱ्या छोट्या ॲपसोबत अख्खा ब्राउझर पाठवणं मला पटत नाही.

पायथॉन घेतलात तर एक गोष्ट लगेच आडवी येते. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, पायथॉनच्या लायब्ऱ्या बसवणाऱ्या ‘पिप’ने सिस्टिमच्या पायथॉनमध्ये थेट काही बसवू पाहिलं तर ते नकार देतं. हा नकार जबरदस्तीने मोडायचा पर्याय आहे, पण तो वापरू नका. डिस्ट्रोची स्वतःची साधनं त्याच पायथॉनवर चालतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरतं वेगळं पायथॉन) करा, किंवा त्याहून सोपं म्हणजे सगळा विकास फ्लॅटपॅकच्या रनटाइममध्येच करा. फ्लॅटपॅक म्हणजे ॲप सँडबॉक्समध्ये, कुठल्याही डिस्ट्रोवर चालवू देणारी पॅकेजची पद्धत, आणि रनटाइम म्हणजे तिच्यातला लायब्ऱ्यांचा तयार संच. ग्नोमच्या रनटाइममध्ये पायथॉन, पायजीऑब्जेक्ट, जीटीके आणि लिबअद्वैता तयार असतात.

आधी ओळख ठरवा

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ॲपचा आयडी ठरवायचा. तो उलट्या डोमेन नावासारखा असतो. स्वतःचं डोमेन असेल तर ते उलटं करून पुढे ॲपचं नाव. नसेल आणि कोड गिटहबवर असेल तर ‘आयओ’, ‘गिटहब’, तुमचं खात्याचं नाव आणि शेवटी ॲपचं नाव, मध्ये टिंबं. ताब्यात नसलेलं डोमेन वापरू नका. फ्लॅटपॅक ॲप्सचं भांडार असलेलं फ्लॅटहब ते तपासतं. आयडीत जोडरेघही टाळा, कारण हाच आयडी ॲप्सना एकमेकांशी बोलू देणाऱ्या डी-बसवर सेवेचं नाव म्हणून जातो आणि तिथे ती अडचणीची ठरते.

हा आयडी किती ठिकाणी लागतो ते बघा: कोडमधल्या ॲप्लिकेशन ऑब्जेक्टला, डेस्कटॉप फाइलच्या (मेनूतली नोंद) नावाला, आयकॉनच्या नावाला, मेटाइन्फो (भांडारात दिसणारी माहिती) फाइलला, सेटिंग्जच्या स्कीमाला (कुठल्या सेटिंग्ज आहेत त्याचा आराखडा) आणि फ्लॅटपॅकच्या मॅनिफेस्टला (पॅकेज कसं बांधायचं त्याची कृती). सगळीकडे अक्षरन् अक्षर तोच, लॅटिनमधली लहान-मोठी अक्षरंसुद्धा तशीच. वेलँडवर (विंडो पडद्यावर आणणारी, जुन्या एक्स११ च्या जागी आलेली व्यवस्था) विंडोचा आयकॉन शोधताना डेस्कटॉप या आयडीच्याच नावाची डेस्कटॉप फाइल शोधतो. टास्कबारमध्ये तुमच्या आयकॉनऐवजी कुठलं तरी सर्वसाधारण चित्र दिसत असेल तर दहातल्या नऊ वेळा आयडीत कुठे तरी एका अक्षराची तफावत असते. जीटीकेमध्ये ॲप्लिकेशनला आयडी दिला की हे आपोआप जुळतं. क्यूटीमध्ये डेस्कटॉप फाइलचं नाव कोडमधून वेगळं सांगावं लागतं, आणि ते विसरलं जातं.

परवान्याची फाइलही याच वेळी रेपॉझिटरीत टाका. परवानाच नसलेला कोड सगळ्यांना दिसतो, पण कायद्याने कुणाला तो पुढे वाटता येत नाही, म्हणजे कुठलीही डिस्ट्रो त्याला हात लावणार नाही.

रिकामी विंडो, पण पॅकेजमध्ये

ग्नोम बिल्डर हा कोड लिहायचा ॲप उघडा आणि नव्या प्रकल्पात पायथॉन व जीटीकेचा साचा निवडा. तो एका फटक्यात मेसन या बिल्डच्या साधनाची फाइल, डेस्कटॉप फाइल, मेटाइन्फो, सेटिंग्जचा स्कीमा, भाषांतराचं फोल्डर आणि फ्लॅटपॅकचं मॅनिफेस्ट बनवून देतो. ‘चालवा’ दाबलं की ॲप सिस्टिमवर नव्हे, सँडबॉक्समध्ये बिल्ड होऊन उघडतं. क्यूटीच्या बाजूने हेच सीमेक आणि केडीईचं रनटाइम घेऊन हाताने करावं लागतं. पायसाइडसाठी फ्लॅटहबवर एक तयार बेस-ॲप आहे, त्यावर आपला थर चढवायचा.

मॅनिफेस्टमध्ये चार गोष्टी समजून घ्या. रनटाइम म्हणजे ॲप ज्यावर चालेल तो लायब्ऱ्यांचा संच. एसडीके म्हणजे बिल्ड करताना लागणारा संच. मॉड्यूल्स म्हणजे तुमचा कोड आणि रनटाइममध्ये नसलेल्या लायब्ऱ्या. आणि शेवटी परवानग्यांची यादी. नामबदलला सुरुवातीला वेलँडचं सॉकेट, जुन्या मशीनसाठी राखीव म्हणून एक्स११ चं सॉकेट व त्याला लागणारी आयपीसी आणि ग्राफिक्ससाठी डीआरआय एवढंच पुरे. नेटवर्क नाही. होम फोल्डर नाही. ‘तूर्तास सगळं उघडं ठेवू, नंतर बंद करू’ असं करू नका. ते नंतर बंद होत नाही, कारण तोपर्यंत अर्धा कोड त्या मोकळीकीवर उभा असतो.

डेस्कटॉप फाइल छोटी असते, पण तिच्यातली आज्ञेची ओळ नीट बघा. फाइल मॅनेजरमधून ‘यासह उघडा’ म्हटल्यावर फायली ॲपकडे याव्यात असं वाटत असेल तर आज्ञेच्या शेवटी टक्केचिन्ह आणि ‘एफ’ किंवा ‘यू’ हे अक्षर हवं. मोठं अक्षर अनेक फायलींसाठी, लहान एका फायलीसाठी. ‘एफ’ने मार्ग मिळतो, ‘यू’ने यूआरआय. हे नसेल तर ॲप उघडतं आणि रिकामं उभं राहतं. फाइल लिहून झाली की ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ चालवा, आणि मेटाइन्फोसाठी ‘ॲपस्ट्रीमसीएलआय’ची तपासणी.

सेटिंग्जच्या बाबतीत एक धक्का ठरलेला आहे. जीसेटिंग्जचा (ग्नोमच्या बाजूची सेटिंग्ज साठवण्याची सोय) स्कीमा सिस्टिममध्ये बसवलेला नसेल तर ॲप चूक दाखवत नाही, सरळ कोसळतं. कोड थेट फोल्डरमधून चालवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. नीट बिल्ड करून चालवलं तर स्कीमा जागेवर जातो आणि प्रश्न उरत नाही.

आता ही रिकामी विंडो फ्लॅटपॅक म्हणून बांधून मित्राच्या वेगळ्या डिस्ट्रोवर बसवून बघा. मेनूत दिसते का, आयकॉन येतो का, बंद होऊन पुन्हा उघडते का? हे जमलं की पुढची वाट मोकळी.

गाभा विंडोपासून वेगळा

नामबदलचं खरं काम एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये लिहा, ज्यात टूलकिटचं नावही येणार नाही. त्याला जुन्या नावांची यादी आणि नियम द्यायचे, त्याने ‘जुनं–नवं’ अशा जोड्या परत करायच्या. प्रत्यक्ष फाइल बदलणारं फंक्शन त्याहून निराळं. असं केलं की चाचण्या स्क्रीनशिवाय चालतात आणि हाच गाभा वापरून टर्मिनलचं टूलही जवळजवळ फुकटात मिळतं.

इथे लिनक्सची फाइल सिस्टिम समजून घेणं भाग आहे, कारण या ॲपचे सगळे धोके इथेच दडलेले आहेत.

पहिला धोका सर्वांत मोठा. युनिक्समध्ये एखाद्या फायलीचं नाव बदलताना त्या नावाची दुसरी फाइल आधीच असेल तर ती विचारपूस न करता पुसली जाते. पायथॉनचं ‘ओएस’ मॉड्यूलमधलं ‘रीनेम’ लिनक्सवर हेच करतं. म्हणजे तुमच्या नियमातून दोन फायलींना एकच नवं नाव मिळालं तर एक फाइल कायमची गेली. म्हणून सगळ्या जोड्या आधी तयार करा, नव्या नावांत पुनरावृत्ती आहे का बघा, आणि नवं नाव फोल्डरमध्ये आधीच आहे का तेही बघा. एवढ्यानेही तपासणी आणि बदल यांच्यामध्ये क्षणभराची फट उरते. ती बुजवायला कर्नल ३.१५ पासून ‘रीनेमॲट२’ ही सिस्टिम कॉल आहे, तिला ‘जागा रिकामी असेल तरच’ असं सांगता येतं. जीटीकेसोबत येणाऱ्या जीआयओ लायब्ररीची फाइल हलवण्याची क्रियासुद्धा ओव्हरराइटची मुभा दिली नाही तर आधी तपासून चूक परत करते. या ॲपसाठी मी तीच घेईन.

दुसरी गंमत साखळीची. ‘१’ चं ‘२’ आणि ‘२’ चं ‘३’ करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी शेवटची बदलायची. ‘अ’ चं ‘ब’ आणि ‘ब’ चं ‘अ’ अशी अदलाबदल असेल तर कुठलाच क्रम चालत नाही. तिथे आधी तात्पुरती नावं द्यायची आणि दुसऱ्या फेरीत खरी. हुशार क्रम शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांसाठी दोन फेऱ्या कराव्यात असं वाटू शकतं, पण मधेच वीज गेली तर सगळ्या फायली विचित्र तात्पुरत्या नावांनी पडून राहतील. चक्र सापडेल तिथेच तात्पुरतं नाव वापरा.

तिसरं, लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे मुळात बाइट्सची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, नवी ओळसुद्धा. ते वैध यूटीएफ-८ असेलच याची हमी नाही. जुन्या झिपमधून आलेल्या फायलींत अशी नावं सर्रास आढळतात. पायथॉन ती वाचतो, पण खराब बाइट्स विशेष चिन्हांत लपवून ठेवतो. असं नाव जसंच्या तसं जीटीकेच्या लेबलला दिलं की ॲप अडखळतं. दाखवण्यासाठी वेगळी स्वच्छ प्रत करा, बदल करताना मूळ बाइट्सच वापरा.

लांबीची मर्यादाही बाइट्समध्ये असते. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नाव २५५ बाइट्सपर्यंत चालतं. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट (युनिकोडमधलं एक सुटं चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, म्हणजे हाताशी फक्त ८५ कोड पॉइंट. त्यात ‘क्षि’ हे एकच अक्षर क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून ४ कोड पॉइंट आणि १२ बाइट खातं. नाव कापायची वेळ आलीच तर बाइटवर कापू नका, कोड पॉइंटवरही कापू नका. पूर्ण अक्षराच्या सीमेवर कापा, नाहीतर नावाच्या शेवटी लोंबता हलन्त उरतो.

आणि एक खास आपल्या लिपीतला सापळा. ‘तऱ्हा’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे येऊ शकतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे, फाइल सिस्टिमला वेगळे. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब सारख्या नावांच्या दोन फायली असू शकतात आणि ‘शोधा व बदला’ला एक सापडेल, दुसरी नाही. तुलना करताना दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा. पण वापरकर्त्याने सांगितल्याशिवाय मूळ नाव त्या रूपात बदलून ठेवू नका. तो त्याचा निर्णय आहे.

पेनड्राइव्हवरची फॅट किंवा एक्सफॅट फाइल सिस्टिम आणखी वेगळी: विसर्ग-चिन्हासारखा कोलन, प्रश्नचिन्ह, तारा चालत नाहीत, आणि लहान-मोठ्या लॅटिन अक्षरांत भेद नसतो. तिथे आलेली चूक पकडून माणसाच्या भाषेत दाखवा.

विंडोत काम भरताना

नामबदलची विंडो साधी: वर नियम, खाली दोन स्तंभांची यादी, उजवीकडे कोपऱ्यात एक बटण. यादीसाठी जीटीकेमध्ये ‘लिस्टबॉक्स’ घ्यायचा मोह होतो, कारण तो सोपा आहे. पण तो प्रत्येक ओळीसाठी विजेट बनवतो. फोल्डरमध्ये वीस हजार फोटो असले की विंडो गुदमरते. ‘कॉलमव्ह्यू’ किंवा ‘लिस्टव्ह्यू’ डोळ्यांसमोर असलेल्या ओळींपुरतीच विजेट्स ठेवतात आणि सरकवताना तीच पुन्हा वापरतात. क्यूटीत हेच मॉडेल आणि व्ह्यू वेगळे ठेवून साधतं.

फोल्डर वाचणं आणि नावं बदलणं ही कामं मुख्य थ्रेडवर करू नका, नाहीतर डेस्कटॉप ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी दाखवेल. वेगळ्या थ्रेडमध्ये काम चाललं असेल तर तिथून थेट विजेटला हात लावायचा नाही. जीटीके असं सहन करत नाही, कधी चालतं, कधी कोसळतं, आणि असा दोष शोधणं म्हणजे डोकेदुखी. निकाल जीटीकेच्या पायाशी असलेल्या जीलिब लायब्ररीच्या ‘आयडल ॲड’मार्फत मुख्य थ्रेडकडे सोपवा. क्यूटीत सिग्नल-स्लॉट हे काम करतात.

या ॲपमध्ये ‘उलटवा’ ही सोय ऐच्छिक मानू नका. प्रत्येक बदल होण्याआधी त्याची नोंद एका फायलीत लिहा, बदल झाल्यावर खूण करा. मधेच ॲप बंद पडलं तरी पुढच्या वेळी कुठवर गाडी आली होती ते कळतं. ‘खरंच बदलायचं का?’ असा डायलॉग मात्र टाळा. लोक तो न वाचता दाबतात. बदल झाल्यावर खाली ‘उलटवा’चं बटण दाखवणं जास्त उपयोगी.

ही नोंद कुठे ठेवायची याचेही संकेत आहेत. सेटिंग्ज होममधल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, कायमचा डेटा ‘डॉट लोकल’मधल्या ‘शेअर’मध्ये, पुसलं तरी चालेल असं ‘डॉट कॅश’मध्ये, आणि इतिहास किंवा लॉग ‘डॉट लोकल’मधल्या ‘स्टेट’मध्ये. हे मार्ग कोडमध्ये हाताने लिहू नका. जीलिब किंवा क्यूटीला विचारा, कारण फ्लॅटपॅकमध्ये हेच मार्ग ‘डॉट व्हार’खालच्या ॲपच्या स्वतःच्या फोल्डरकडे वळवलेले असतात.

सँडबॉक्स, पोर्टल आणि वेलँड

होम फोल्डरची परवानगीच नाही, मग फायली बदलायच्या कशा? पोर्टलमार्फत. ॲप ‘फोल्डर निवडा’ म्हणतं, निवडीची खिडकी ॲप नव्हे तर डेस्कटॉप दाखवतो, आणि वापरकर्त्याने निवडलेल्या तेवढ्याच फोल्डरची वाट ॲपला खुली होते. जीटीके ४.१० पासूनचं ‘फाइलडायलॉग’ सँडबॉक्समध्ये असताना पोर्टल आपोआप वापरतं, वेगळं काही करावं लागत नाही. मात्र परत येणारा मार्ग खरा नसतो, ‘रन’ फोल्डरच्या पोटातला एक लांबलचक आडवळणी मार्ग असतो. तो विंडोत छापू नका, नुसतं फोल्डरचं नाव दाखवा.

वेलँडमुळे आणखी काही सवयी सोडाव्या लागतात. फेडोरा २५ ने २०१६ मध्ये ग्नोमसाठी वेलँड मूळ निवड केली, केडीई प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये. वेलँडवर ॲपला स्वतःची विंडो स्क्रीनवर अमुक जागी ठेवता येत नाही, दुसऱ्या ॲपच्या कळा ऐकता येत नाहीत, न विचारता स्क्रीनचं चित्र घेता येत नाही. स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग, सर्वत्र चालणारे शॉर्टकट या सगळ्यांसाठी पोर्टलं आहेत, पण प्रत्येक डेस्कटॉप ती सगळी पुरवेलच असं नाही. नसल्यास ॲपने निमूटपणे ती सोय लपवावी.

घड्याळाशेजारच्या ट्रे आयकॉनवर ॲपचं महत्त्वाचं काम टांगू नका. ग्नोममध्ये एक्स्टेन्शन टाकल्याशिवाय तो दिसतच नाही.

भाषांतर आणि आपली लिपी

मराठी भाषांतर नंतर करू म्हटलं तरी तयारी पहिल्या दिवशी हवी. विंडोत दिसणारं प्रत्येक वाक्य भाषांतर शोधून देणाऱ्या गेटटेक्स्टच्या फंक्शनमधून जाऊ द्या. पायथॉनमध्ये एक खोड लक्षात ठेवा: एफ-स्ट्रिंगमध्ये आकडा भरून मग ते वाक्य गेटटेक्स्टला दिलं तर भाषांतर कधीच सापडत नाही, कारण शोध भरलेल्या वाक्याचा होतो. आधी भाषांतर, मग त्यात आकडा. वाक्यं तुकड्यांनी जोडूही नका. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं, मराठीत शेवटी. जोडलेले तुकडे भाषांतरकाराला हलवता येत नाहीत. ‘१ फाइल’ आणि ‘५ फायली’ यांच्यासाठी अनेकवचनाचं फंक्शन वापरा.

लेबलांना ठराविक उंची देऊ नका. देवनागरीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार येतात, लॅटिन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या चौकटीत ते छाटले जातात. आणि टाइप केलेला मजकूर कीबोर्डच्या एकेका दाबावरून स्वतः जुळवू नका. मराठी टायपिंग आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टायपिंगच्या साधनांमार्फत होतं. अंगठ्याखालची कळ आणि पडद्यावरचं अक्षर यांत त्यांची प्रक्रिया असते. टूलकिटचा तयार मजकूर-रकाना वापरलात तर हे सगळं सांभाळलं जातं.

याच टप्प्यावर माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने ॲप चालवून पाहा, आणि ऑर्का हा स्क्रीन रीडर सुरू करून डोळे मिटून एकदा ऐका. नुसता आयकॉन असलेल्या बटणाला नाव दिलेलं नसेल तर ऑर्का केवळ ‘बटण’ म्हणतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण फार थोडी ॲप्स ते करतात.

दोष शोधताना

जीटीकेमध्ये ‘जीटीके_डीबग’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘इंटरॲक्टिव्ह’ करून ॲप उघडलं की इन्स्पेक्टर येतो. कुठलं विजेट किती जागा घेतं, कुठली शैली लागू आहे, हे तिथे थेट बदलून बघता येतं. टर्मिनलवर ‘क्रिटिकल’ असे इशारे वाहत असतील तर दुर्लक्ष करू नका. ‘जी_डीबग’ला ‘फेटल-क्रिटिकल्स’ दिलं की पहिल्याच इशाऱ्यावर ॲप थांबतं आणि दोष नेमका कुठे जन्मला ते सापडतं. ॲप कोसळून गेलं असेल आणि मशीनवर सिस्टिमडी (सेवा सुरू करणारी व्यवस्था) असेल तर ‘कोअरडंपसीटीएल’ मागचा पुरावा दाखवतो. सिस्टिमडीवर ॲपचं मूळ काम मात्र अवलंबून ठेवू नका. फ्रीबीएसडीवर तो नसतो आणि तिथेही हेच डेस्कटॉप चालतात.

गाभ्याच्या चाचण्यांत हे नमुने ठेवा: रिकामं फोल्डर, अदलाबदल, एकाच नव्या नावावर दोन दावेदार, नवी ओळ असलेलं नाव, अवैध बाइट्स, दोन्ही प्रकारचे ऱ, आणि ८५ कोड पॉइंटांच्या पुढे जाणारं देवनागरी नाव.

टर्मिनलच्या टूलसाठी शिस्त थोडी निराळी. निकाल स्टँडर्ड आउटपुटवर, तक्रारी स्टँडर्ड एररवर, अपयश आलं तर शून्येतर एक्झिट कोड. नावांची यादी बाहेर देताना ओळीने नव्हे, शून्य बाइटने वेगळी करण्याचा पर्याय ठेवा. नवी ओळ असलेलं एकच नाव सगळी स्क्रिप्ट बिघडवू शकतं. आणि मूळ वर्तन ‘फक्त दाखव’ असावं, प्रत्यक्ष बदलायला वेगळा पर्याय द्यावा लागावा.

लोकांपर्यंत

फ्लॅटहबवर द्यायचं तर ‘फ्लॅटहब’ याच नावाच्या रेपॉझिटरीची फोर्क घ्या, तिच्या ‘न्यू-पीआर’ शाखेवरून स्वतःची शाखा काढून मॅनिफेस्ट टाका आणि त्याच शाखेविरुद्ध पुल रिक्वेस्ट पाठवा. तिथली माणसं मॅनिफेस्ट वाचतात, प्रश्न विचारतात. सर्वाधिक प्रश्न परवानग्यांवर येतात; आपण सुरुवातीपासून हात आखडता घेतला असल्याने उत्तरं सोपी असतील. मेटाइन्फोमध्ये स्क्रीनशॉट, वयोगटाची माहिती आणि आवृत्त्यांची नोंद हवीच. बिल्ड होत असताना नेटवर्क बंद असतं, हे मात्र अनेकांना आयत्या वेळी कळतं. पायथॉनच्या किंवा रस्टच्या लायब्ऱ्या मधेच उतरवता येत नाहीत. त्यांचे पत्ते आणि चेकसम आधीच मॅनिफेस्टमध्ये लागतात. ती यादी तयार करून देणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट्स फ्लॅटपॅकच्याच बिल्डर-टूल्समध्ये आहेत.

बाकीच्या वाटा थोडक्यात. स्नॅप ही उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलची वाट, उबुंटूवर सर्वांत सोयीची. ॲपइमेज म्हणजे एकच फाइल, उतरवून चालवायची. पण ती नव्या डिस्ट्रोवर बांधलीत तर जुन्या मशीनवर जीलिबसी या मूळ सी लायब्ररीची तक्रार येईल, म्हणून ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोला आधार द्यायचाय तिच्यावर बांधा. डेबियन, फेडोरा किंवा आर्चचं पॅकेज स्वतः करण्याची घाई करू नका. मेसन किंवा सीमेक वापरून ॲप नेहमीच्या पद्धतीने बसत असेल, आवृत्त्यांना टॅग असतील आणि परवाना स्पष्ट असेल, तर ॲप आवडलेला कुणी ना कुणी पॅकेजर ते काम उचलतो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तिथे तुमची जुनी आवृत्ती बराच काळ चालू राहील आणि कधीच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी येत राहतील. म्हणून ‘विषयी’ खिडकीत ॲपची आवृत्ती आणि ते फ्लॅटपॅकमधून चाललंय की नाही, दोन्ही कॉपी करता येतील असे दाखवा.

प्रकाशनानंतर एक तारीख दिनदर्शिकेत कायमची घालून ठेवा. ग्नोमची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, तिचं रनटाइमही, आणि प्रत्येक रनटाइमला आधार साधारण वर्षभर मिळतो. मुदत संपलेल्या रनटाइमवरचं ॲप चालत राहतं, पण बसवताना वापरकर्त्याला इशारा दिसतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. मॅनिफेस्टमधला आकडा एकाने वाढवून बिल्ड करा, ‘क्रिटिकल’ इशारे वाचा, कालबाह्य फंक्शनं बदला, गाभ्याच्या चाचण्या चालवा आणि नवी आवृत्ती सोडा.